कॉलेजच्या मायकेलसनवर भौमितिक फेज: मोजायची कशी, आणि तिच्यामागचा एकध्रुव गाठायचा कसा

प्रकाशाचं ध्रुवीकरण टप्प्याटप्प्यानं बदलत नेलं आणि शेवटी पुन्हा मूळ स्थितीत आणलं, तर किरण पहिल्यासारखाच दिसतो. त्याच्या फेजमध्ये (पुस्तकातला शब्द ‘कला’) मात्र फरक पडलेला असतो. अंतरामुळे पडणाऱ्या फेजमध्ये भर घालणारा हा वेगळा हिस्सा आहे, आणि तो फक्त ध्रुवीकरणाच्या फेरीनं एका काल्पनिक गोलावर किती क्षेत्र वेढलं यावर ठरतो. हीच भौमितिक फेज. एस. पंचरत्नम यांनी ती १९५६ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत प्रकाशासाठी मांडली. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पुढे १९८४ मध्ये मायकेल बेरी यांनी क्वांटम अवस्थांसाठी तीच गोष्ट स्वतंत्रपणे आणि व्यापक रूपात मांडली. पंचरत्नम यांचं काम हे त्याचंच आधीचं रूप आहे, हे १९८६ मध्ये रामशेषन आणि नित्यानंद यांनी दाखवून दिलं आणि पुढच्याच वर्षी बेरी यांनी ते लेखातून मान्य केलं. पंचरत्नम मात्र १९६९ मध्येच, पस्तिसाव्या वर्षी गेले होते. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करताना त्यांचं नाव आधी घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

लातूर, नांदेड, परभणी किंवा संभाजीनगर, कुठल्याही कॉलेजात मायकेलसन इंटरफेरोमीटर (किरण दोन भुजांत विभागून, आरशांवरून परत आणून एकत्र करणारं उपकरण) आणि अभ्रकाच्या दोन क्वार्टर-वेव्ह प्लेटा (ध्रुवीकरणाच्या दोन घटकांत पाव लाटेचा, म्हणजे ९० अंशांचा, फेजफरक पाडणाऱ्या) असतील, तर ही फेज एका सकाळीत मोजून होते. त्यानंतर संगणकावर दोन तास दिले, की तिच्यामागे चुंबकी एकध्रुव (जोडीदाराशिवायचा एकटाच चुंबकी ध्रुव) कसा बसला आहे तेही आकड्यांत दिसतं.

आधी मोसंबी

गोलावरचं क्षेत्र आणि फिरलेला कोन यांचं नातं हातानं एकदा करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. जालन्याची एक मोठी, गोल मोसंबी घ्या. देठ वर, म्हणजे उत्तर ध्रुव. पेनानं विषुववृत्त काढा आणि ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत एकमेकांशी ९० अंश करणाऱ्या दोन उभ्या रेषा काढा. आगपेटीची काडी देठापाशी सालीला चिकटून, पहिल्या रेषेच्या दिशेनं आडवी धरा. आता ती न वळवता पहिल्या रेषेवरून खाली विषुववृत्तावर आणा. तिचं टोक दक्षिणेकडे असेल. तसंच दक्षिणेकडे ठेवून विषुववृत्तावरून पाव फेरी न्या, आणि दुसऱ्या रेषेवरून मागे-मागे सरकवत वर देठापाशी आणा. काडी आता दुसऱ्या रेषेच्या दिशेनं आहे. वाटेत एकदाही न वळवता ती ९० अंश फिरली.

वेढलेलं क्षेत्र मोसंबीच्या सालीचा आठवा भाग आहे. गोलावरचं क्षेत्र केंद्रापासून मोजलं की त्याला घनकोन म्हणतात. अख्ख्या गोलाचा घनकोन चार पाय स्टेरेडियन, म्हणजे अंशांच्या हिशेबानं ७२०. त्याचा आठवा भाग ९०. कोन आणि क्षेत्र तंतोतंत जुळतात. या लेखात घनकोन अंशांतच लिहिले आहेत, तोंडी हिशेब सोपा जातो.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे विषुववृत्तावर वळताना काडीही वळवणं. नियम असा: मोठ्या वर्तुळावरून (म्हणजे ज्याचं केंद्र मोसंबीच्या केंद्रातच आहे) चालताना काडीचा त्या वर्तुळाशी असलेला कोन बदलू द्यायचा नाही. लहान अक्षवृत्तावर हा नियम लागू होत नाही, आणि फूकोचा लंबक (पृथ्वीच्या फिरण्यामुळे ज्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळते तो) फिरतो तो त्यामुळेच. संभाजीनगर सुमारे १९.९ अंश अक्षांशावर आहे. तिथे लंबकाचं दोलनप्रतल तासाला ५.१ अंश वळतं, नांदेडला ४.९, लातूरला सुमारे ४.७. संभाजीनगरला दिवसभरात साधारण १२२ अंश होतात, त्या अक्षवृत्तानं उत्तर ध्रुवाभोवती वेढलेला घनकोन २३८, बेरीज ३६०. जिन्याच्या मोकळ्या जागेत पाच-सहा मीटर लांबीचा लंबक टांगून हे मोजता येतं, फक्त लंबक हातानं सोडायचा नाही. बाजूला ओढून दोऱ्यानं बांधायचा आणि तो दोरा जाळायचा. नाहीतर जरासा आडवा धक्का बसून मार्ग लंबवर्तुळाकार होतो आणि तो स्वतःच फिरायला लागतो.

पंचरत्नम यांचा गोल

ध्रुवीकरणासाठी जो गोल वापरतात त्याला पॉइंकारे गोल म्हणतात. विषुववृत्तावर सगळी रेषीय ध्रुवीकरणं, वरच्या ध्रुवावर एका हाताचं वर्तुळाकार, खालच्या ध्रुवावर दुसऱ्या हाताचं. प्रयोगशाळेतला कोन या गोलावर दुप्पट होतो: पोलरायझर ९० अंश फिरवला तर गोलावर १८० अंश प्रवास होतो. आणि फेरीनंतर मिळणारी फेज वेढलेल्या घनकोनाच्या निम्मी असते. काडीला पूर्ण कोन मिळाला, प्रकाशाला निम्मा. हा ‘निम्मा’ कुठून येतो ते एकध्रुवाच्या भागात कळेल, तोवर तो लक्षात ठेवा.

मांडणी अशी. लेसर, मग उभ्या अक्षावर ठेवलेला पोलरायझर, मग मायकेलसन. मायकेलसनच्या एका भुजेत दोन क्वार्टर-वेव्ह प्लेटा: बीम स्प्लिटरकडची (किरण विभागणाऱ्या काचेकडची) पहिली ४५ अंशांवर कायम, आरशाकडची दुसरी फिरवण्यासाठी. प्रकाश पहिल्या प्लेटनं वर्तुळाकार होतो, दुसरीतून जाऊन आरशावरून परत तिच्यातूनच येतो तेव्हा उलट्या हाताचा वर्तुळाकार होतो आणि पहिलीतून बाहेर पडताना पुन्हा उभा रेषीय होतो. गोलावर हा मार्ग म्हणजे विषुववृत्तावरून वरचा ध्रुव, तिथून एका रेखावृत्तानं खालचा ध्रुव आणि परत मूळ जागा. दुसरी प्लेट १ अंश फिरवली की मधलं रेखावृत्त २ अंश सरकतं, फोडीचा घनकोन ४ अंशांनी वाढतो, फेज २ अंशांनी. म्हणजे प्लेट १८० अंश फिरवली की एक पट्टा (फ्रिंज) सरकणार, पूर्ण ३६० अंश फिरवली की दोन. आरसे होते तिथेच राहतात.

साहित्य

लेसर हीलियम-निऑन, ६३२.८ नॅनोमीटर, असेल तर उत्तमच. ध्रुवित नसलेली नळी असेल तर पोलरायझरनंतर तीव्रता वर-खाली होते. नळी अर्धा तास तापू द्या, मग ती बरीच स्थिर होते. डायोड लेसर (६५० नॅनोमीटर, १ मिलीवॅट) चालतो, पण त्याची संसक्तता (लाटा एका लयीत राहणं) कमी भरवशाची, म्हणून दोन्ही भुजांमधला प्रकाशमार्गाचा फरक दोन-तीन मिलिमीटरच्या आत आणा. अभ्रकाच्या प्लेटा काचांमध्ये बसवलेल्या असतात. दोन प्लेटांच्या मिळून ६ मिलिमीटर काचेमुळे त्या भुजेत ३ मिलिमीटरची भर पडते, तेवढा दुसरा आरसा मागे घ्या. डायोडला वीज पॉवर बँकेतून द्या. व्होल्टेज हललं की पट्टे एकदम पुसट होतात. बाजारातले हिरवे लेसर पॉइंटर इथे आणूच नका. त्यांच्यातून न दिसणारा अवरक्त प्रकाशही बाहेर पडू शकतो आणि डोळ्याला तो जास्त घातक. लाल लेसरची उंचीही बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीपासून दूर ठेवा.

प्लेटा सोडियम दिव्यासाठी, ५८९.३ नॅनोमीटरच्या असतील तर घाबरायचं कारण नाही. ६३२.८ वर त्या ९० ऐवजी ८४ अंशांची मंदता (दोन घटकांमधला फेजफरक) देतात. चूक किती पडते याचा हिशेब खाली आहे, आणि तो या प्रयोगातला सगळ्यात समाधानाचा भाग आहे. प्लेट नसेलच तर पारदर्शक मंदक फिल्म चालते. तपासायची रीत: पोलरायझर आणि अ‍ॅनालायझरच्या मध्ये फिल्म ४५ अंशांवर धरा, अ‍ॅनालायझर पूर्ण फिरवा, फोटोसेलवर सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त वाचन घ्या. त्यांचं गुणोत्तर हे मंदतेच्या निम्म्या कोनाच्या टॅनचा वर्ग असतं. गुणोत्तर १ आलं तर मंदता अचूक ९०, ०.६४ आलं तर ७७ किंवा तिचा पूरक १०३. दोन्हींचा परिणाम सारखाच, तेव्हा फिल्म ठेवा.

त्याशिवाय अंश कोरलेला फिरता होल्डर, २ ते ५ सेंटिमीटर नाभीयंतराचं भिंग, आलेख कागद आणि स्टँडवर बसवलेला मोबाइल.

पाया महत्त्वाचा. दीड इंच जाडीची, दोन फूट बाय दोन फूट शहाबादी फरशी घ्या, वजन पस्तीस किलोच्या आसपास भरेल. तिच्याखाली दुचाकीची जुनी ट्यूब निम्मी हवा भरून ठेवा. टणक भरलेली ट्यूब कंपनं तशीच वर पोचवते. खोली तळमजल्याची. पंखा बंद, कूलर बंद, बोअरची मोटार बंद. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या जाणाऱ्या रस्त्यालगत कॉलेज असेल तर पहाटेचीच वेळ धरा. एप्रिल-मे मध्ये तर पहाटे पाच ते सातच. नंतर पत्रा किंवा स्लॅब तापायला लागला की पट्टे थांबत नाहीत. कारण साधं आहे. २० सेंटिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची एक भुजा दुसरीपेक्षा १ अंश सेल्सिअसनं जास्त तापली तर ४.६ मायक्रोमीटर वाढते, म्हणजे चौदा पट्टे. आपल्याला मोजायचे आहेत दोन. नुसती हवा १ अंशानं तापली तरी अर्ध्या पट्ट्याहून जास्त फरक पडतो, म्हणून दोन्ही भुजांवर पुठ्ठ्याचं खोकं उलटं ठेवा आणि होल्डर फिरवण्यापुरती फट ठेवा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा हीही मुळात मायकेलसनच, फक्त भुजा चार-चार किलोमीटरच्या आणि निर्वात नळ्यांत. उष्णता, हवा आणि जमिनीची कंपनं हे तिचेही शत्रू आहेत.

प्रत्यक्ष मोजणी

१. प्लेटांशिवाय मायकेलसन जुळवा. भिंगानं शलाका फाकवून दीड-दोन मीटरवर आलेख कागदावर घ्या. आरसा किंचित कलवून उभे, सरळ पट्टे आणा आणि त्यांच्यातलं अंतर २४ मिलिमीटर करा. हा आकडा सोयीसाठी: पुढे प्लेट दर १५ अंश फिरवल्यावर पट्टा २ मिलिमीटर सरकायला हवा.

२. पोलरायझर उभा किंवा आडवाच ठेवा. तिरका ठेवला तर बीम स्प्लिटर दोन घटकांना वेगवेगळं परावर्तित करतो आणि भुजेत शिरतानाच ध्रुवीकरण बिघडलेलं असतं.

३. आता फक्त पहिली प्लेट भुजेत ठेवा आणि हळूहळू फिरवा. पट्टे जिथे नाहीसे होतात तो ४५ अंश. प्रकाश दोनदा प्लेटमधून गेल्यामुळे त्याचं ध्रुवीकरण आडवं होतं आणि दुसऱ्या भुजेच्या उभ्या प्रकाशाशी त्याचं व्यतिकरण (एकत्र येऊन पट्टे पडणं) होत नाही. वेगळं उपकरण न लावता मिळणारी ही खूण अगदी खात्रीची आहे. सोडियमवाल्या प्लेटवर ११ टक्के ठळकपणा उरतो, ७७ अंशांच्या फिल्मवर २२ टक्के. अशा वेळी पट्टे सगळ्यात पुसट होतील ती जागा धरा.

४. दुसरी प्लेट आरशाच्या बाजूला ठेवा. पट्टे परत उमटतात. तिला एक-दोन अंश कलवून ठेवा, नाहीतर तिच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश पडद्यावर न हलणाऱ्या पट्ट्यांचा दुसरा फिकट थर टाकतो आणि वाचन चुकतं.

५. दुसरी प्लेट ० पासून ३६० पर्यंत दर १५ अंशांनी फिरवा. हात काढल्यावर वीस सेकंद थांबा, मग फोटो. ३६० ला पोचल्यावर त्याच गतीनं, तितक्याच विश्रांतीनं उलटं ० पर्यंत या. प्रत्येक कोनाच्या जाताना-येतानाच्या दोन वाचनांची सरासरी घ्या. तापमानामुळे पट्टे एका चालीनं सरकत असतील तर ती सरक सरासरीत सगळीकडे सारखीच उरते आणि आलेखाचा चढ बिघडत नाही.

६. आडव्या अक्षावर प्लेटचा कोन, उभ्या अक्षावर पट्ट्याची सरक. रेषा सरळ यायला हवी, ३६० अंशांना ४८ मिलिमीटर.

फोटोंमध्ये पट्टा कुठला ते हरवू नये म्हणून एकाच पट्ट्यावर डोळा ठेवा. सरक कधीही एका पावलात निम्म्या पट्ट्याहून जास्त नसते, तेव्हा गोंधळ होण्याचं कारण नाही.

काय बिघडतं आणि का

सगळ्यात फसवी चूक प्लेटच्या पाचरीची. प्लेटच्या दोन बाजू पूर्ण समांतर नसतील तर ती फिरवताना शलाका पडद्यावर लहान वर्तुळ काढते आणि पट्टे त्यामुळेही सरकतात. ही सरक भौमितिक फेजसारखीच दिसते. फरक असा, की पाचरीची सरक ३६० अंशांनंतर शून्यावर परत येते, भौमितिक फेज दोन पट्टे पुढे गेलेली असते आणि पुढच्या फेरीत चार होते. म्हणून १८० वर थांबू नका. पूर्ण फेरी घेतलीच पाहिजे. आलेखात सरळ रेषेवर एक लाट बसलेली दिसली तर ती लाट पाचरीची.

पट्टे सरकायच्या ऐवजी जागीच पुसट होत असतील आणि ४५ अंशांजवळ नाहीसे होऊन पलीकडे काळ्याच्या जागी उजळ उगवत असतील, तर पहिली प्लेट ४५ वर नसून ० किंवा ९० वर आहे. प्रकाश वर्तुळाकार होतच नाही, नुसती ध्रुवीकरणाची दिशा फिरते आहे. हे मुद्दाम एकदा करून पाहा, म्हणजे खरी सरक आणि हा आभास यांतला फरक डोळ्यांत बसेल.

पहिली प्लेट ४५ वरून उणे ४५ वर नेली तर पट्ट्यांची सरकण्याची दिशा उलटते. खरी भौमितिक फेज मोजली की नाही याची ही कसोटी प्रत्येक नोंदवहीत असायला हवी. फेरीची दिशा उलटली, म्हणून क्षेत्राचं चिन्ह उलटलं. कंपन, उष्णता किंवा पाचर यांना प्लेटची ही अदलाबदल कळतही नाही.

आणि मंदतेतली चूक? दुसऱ्या प्लेटची चूक फक्त पट्ट्यांचा ठळकपणा कमी करते, कारण चुकार प्रकाश आडवा होऊन बाहेर पडतो आणि व्यतिकरणात भागच घेत नाही. पहिल्या प्लेटची चूक फेजमध्ये शिरते, पण तिच्या निम्म्याच्या साइनच्या वर्गाइतकीच. मंदता १२.५ अंशांनी चुकली तरी फेज फार तर ०.७ अंशांनी डळमळते. सोडियमवाल्या प्लेटमध्ये ०.२ सुद्धा नाही. पहिली प्लेट ४५ ऐवजी ५० वर बसली तर अर्ध्या अंशाच्या आत. आलेख कागदावर तुम्ही अर्धा मिलिमीटर वाचता, म्हणजे साडेसात अंश फेज. तेव्हा महागड्या प्लेटांची वाट पाहत प्रयोग पुढे ढकलू नका. फेज क्षेत्रावर ठरते आणि मार्ग थोडा हलला तर क्षेत्र फारसं हलत नाही, हेच या आकड्यांत दिसतं.

‘निम्मा’ कुठून आला

आता एकध्रुव. १९३१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी प्रश्न विचारला: एकटाच उत्तर ध्रुव असलेला कण असेल आणि त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन फिरवला, तर क्वांटम यांत्रिकीला चालेल का? एकध्रुवाभोवती एक गोल कल्पा. त्यावर इलेक्ट्रॉननं एक छोटी फेरी घेतली तर त्याच्या फेजमध्ये वेढलेल्या घनकोनाच्या प्रमाणात फरक पडतो. फेरी मोठी-मोठी करत न्या. ती विषुववृत्त ओलांडते, खालच्या बाजूला आवळत जाते आणि शेवटी खालच्या ध्रुवावर एक बिंदू होते. बिंदूएवढ्या फेरीत फेज पडणार नाही. पण वेढलेला घनकोन तर पूर्ण गोलाचा, ७२० अंश झाला. दोन्ही एकाच वेळी खरं असायचं असेल तर ७२० अंश घनकोनाची फेज ३६० च्या पूर्ण पटीत यायला हवी. सगळ्यात लहान पट एक. म्हणजे फेज घनकोनाच्या निम्मी.

पंचरत्नम यांचा ‘निम्मा’ तो हाच. बेरी यांच्या लेखातला अर्ध्या फिरकीचा (स्पिनचा) कणही हाच निम्मा दाखवतो. म्हणजे दोन अवस्थांची कुठलीही क्वांटम प्रणाली तिच्या गोलाच्या केंद्रस्थानी डिरॅकचा सगळ्यात लहान एकध्रुव बसल्यासारखी वागते. फिरकी जास्त असेल तर एकध्रुव तितक्या पटीनं मोठा. टेबलावर हा एकध्रुव कुठे शोधायला जाऊ नका: तो चुंबकी क्षेत्राच्या घटकांच्या अवकाशात, जिथे क्षेत्र शून्य होऊन दोन्ही ऊर्जापातळ्या एकत्र येतात, त्या बिंदूवर आहे.

खऱ्याखुऱ्या अवकाशातल्या एकध्रुवाची ताकद डिरॅक यांच्या अटीनुसार किमान ४.१४ फेम्टोवेबर, म्हणजे प्लांक स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा प्रभार. अतिवाहक कड्यातला फ्लक्सचा सगळ्यात लहान तुकडा याच्या निम्मा असतो, म्हणून एकध्रुव कड्यातून गेला तर दोन तुकड्यांची उडी दिसायला हवी. स्टॅनफर्डमध्ये ब्लास काब्रेरा यांच्या कड्यात १४ फेब्रुवारी १९८२ रोजी अशी एक उडी नोंदली गेली. ती पुन्हा कधी मिळाली नाही, त्यामुळे पुरावा म्हणून ती धरत नाहीत.

संगणकावर एकध्रुव मोजणे

पहिला भाग साध्या स्प्रेडशीटवर होतो. चुंबकी क्षेत्राची दिशा उभ्या अक्षाशी ६० अंशांचा कोन राखून एक पूर्ण फेरी मारते असं धरा. घनकोन १८० अंश, म्हणून फेज ९० यायला हवी. फेरीचे समान टप्पे पाडा आणि लागोपाठच्या दोन अवस्थांचा अंतर्गुणाकार (इनर प्रॉडक्ट) काढा. त्याचा वास्तव भाग ०.७५ अधिक ०.२५ गुणिले टप्प्याच्या कोनाचा कोसाइन, काल्पनिक भाग ०.२५ गुणिले साइन. त्याचा कोन काढा, टप्प्यांच्या संख्येनं गुणा. ४ टप्प्यांत ७३.७ अंश येतात, १२ मध्ये ८८.४, ३६ मध्ये ८९.८३, १०० मध्ये ८९.९८. चार खुंटांना ताणून बांधलेल्या दोरीत वर्तुळाएवढी जमीन मावत नाही, तेच इथे घडतं. टप्पे तिप्पट केले की चूक नऊपट घटते. तसं होत नसेल तर सूत्र चुकलं आहे. एटॅन-टू वापरताना एक्सेलमध्ये वास्तव भाग आधी लिहायचा, पायथनमध्ये काल्पनिक आधी. या एका अदलाबदलीत तासन्‌तास जातात.

तयार आयगेन-सॉल्व्हर (अवस्था काढून देणारा प्रोग्राम) वापरत असाल तर तो प्रत्येक बिंदूला मनमानी फेज लावून अवस्था देतो. म्हणून विकलन करायचं नाही, लागोपाठच्या अंतर्गुणाकारांचा गुणाकारच करायचा. त्यात प्रत्येक अवस्था एकदा सरळ आणि एकदा संयुग्मी येते आणि तिची मनमानी फेज कटून जाते. अट एवढीच, की शेवटची अवस्था म्हणून पहिलीच, तीच साठवलेली अवस्था परत वापरा. ३६० अंशांवर नव्यानं काढली आणि सूत्रात निम्मा कोन असेल तर चिन्ह उलटतं आणि उत्तर १८० अंशांनी चुकतं.

दुसरा भाग पायथन किंवा ऑक्टेव्हमध्ये. गोलावर जाळी टाका, उभे १० आणि आडवे २० भाग. प्रत्येक जाळीबिंदूवर चुंबकी क्षेत्राचे घटक क्ष, य, झ आणि लांबी र. वरच्या पातळीची अवस्था दोन संख्यांची: पहिली र अधिक झ, दुसरी क्ष अधिक आय गुणिले य. लांबी १ करायची गरज नाही, आपल्याला फक्त कोन हवा आहे. खालच्या ध्रुवावर मात्र या दोन्ही संख्या शून्य होतात आणि गणित कोसळतं. ही तुमच्या प्रोग्रामची चूक नाही, सूत्र जिथे तुटतं त्या या जागेलाच डिरॅकची दोरी म्हणतात: एकच सूत्र अख्ख्या गोलावर कधीच चालत नाही. झ ऋण असेल तिथे दुसरं रूप वापरा: पहिली संख्या क्ष वजा आय गुणिले य, दुसरी र वजा झ. अवस्था तीच, फक्त दोरी वरच्या ध्रुवावर सरकते. मग प्रत्येक चौकटीच्या चार कोपऱ्यांचे अंतर्गुणाकार एकाच दिशेनं फिरत गुणा, कोन घ्या, सगळ्या चौकटींची बेरीज करा आणि ३६० नं भागा. उत्तर अधिक किंवा उणे १, दशांशाच्या बाराव्या घरापर्यंत. इतक्या जाड जाळीवरही ते पूर्णांकच येतं, कारण शेजारच्या चौकटींच्या सामाईक बाजू एकमेकींना रद्द करतात. खालच्या पातळीसाठी चिन्ह उलटं.

आता एकध्रुव गोलाबाहेर काढून पाहा. प्रत्येक बिंदूच्या क्षेत्रात एकाच ठरलेल्या दिशेनं एक स्थिर क्षेत्र मिळवा. ते ०.५ असेल तर उत्तर १ च राहतं, १.५ असेल तर ०. क्षेत्राचा आकार कितीही वाकवला तरी मधलं काही मिळत नाही. उत्तर बदलतं ते फक्त स्थिर क्षेत्र १ होऊन पातळ्या एकमेकींना चिकटतात तेव्हा.

त्या जागेजवळ जाळीला जपा. स्थिर क्षेत्राची दिशा अशी निवडा, की शून्य क्षेत्राची जागा विषुववृत्ताला लागून असलेल्या १८ अंशांच्या एखाद्या चौकटीच्या बरोबर मध्यावर येईल. ०.९७ ला उत्तर १ बरोबर येईल. ०.९८ ला ० येईल, आणि ते चूक आहे: त्या एका चौकटीची खरी फेज १८० अंशांच्या पुढे गेलेली असते आणि कोन काढताना संगणक तिला उलट्या बाजूनं मोजतो. एकध्रुव अजून आतच आहे. जाळी ४० बाय ८० केली की १ परत येतो. म्हणून बेरीज करण्याआधी सगळ्या चौकटींतला सगळ्यात मोठा कोन छापायची ओळ प्रोग्राममध्ये कायम ठेवा, आणि तो ९० च्या वर गेला की जाळी बारीक करा.